पुलापलीकडच्या मॅडम

३ नोव्हेंबर, सोमवार

मॅडम नसतील तेव्हा मी कोण असते?

प्रश्न माझा नाही, आबांचा, माझ्या आजोबांचा आहे. संध्याकाळी झेंडूला पाणी देऊन आले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "प्रतिभे, मॅडम हाय तवर तू मॅडमच्या हाताखाली. आन् मॅडम नसली म्हंजी तू कोन?" मला उत्तर देता आलं नाही. आत्ता लिहितानाही येत नाही.

त्यांनी विचारलं, कारण आज गोष्ट पक्की झाली. सारिका मॅडमचा दातांचा दवाखाना दौंडला आहे, स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ. मी दीड वर्षापासून तिथे कामाला आहे. आता त्या आमच्या वडगाव रासाईत शाखा काढणार. आनंदरावांचा गिरणीशेजारचा गाळा ठरला. मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी येणार, बाकीचे दिवस मी एकटी.

मी डॉक्टर नाही. हे घरात सांगून सांगून थकले. बी.एस्सी. झाल्यावर मी डेंटल हायजिनिस्टचा डिप्लोमा केला. दातांवरचं कीटण काढायचं, म्हणजे स्केलिंग करायचं, दात चमकवायचे, ते कसे जपायचे हे लोकांना शिकवायचं, एवढं माझं काम. भूल देणं, दात काढणं, दात भरणं, औषध लिहून देणं, रोगाचं नाव सांगणं हे माझं नाही. "म्हंजी डाक्टरच की," आबा म्हणतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना दहावीच्या पुढचं सगळं एकाच रंगाचं दिसतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी पेशंट नव्हते म्हणून कॉलेजच्या बाईंना फोन केला. डॉक्टर दवाखान्यात नसताना मी कीटण काढू शकते का? त्या म्हणाल्या, "डॉक्टर त्याच इमारतीत हव्यात. निदान हाकेच्या अंतरावर." मग शितलला विचारलं. ती माझ्याबरोबर शिकली, आता पुण्यात नोकरी करते. ती म्हणाली, "अगं, आमचे सर अर्धा महिना दुबईला असतात. सगळं आम्हीच बघतो."

मग कायदाच मोबाइलवर काढून वाचला. त्यात माझी व्याख्या आहे. दात खरवडणारी, साफ करणारी, चमकवणारी किंवा त्यांची निगा राखायला शिकवणारी व्यक्ती. जेमतेम दोन ओळी. पण त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. माझे आबा मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचे. कुठल्याही गावाने त्यांना आपलं म्हटलं नाही. आणि त्यांच्या नातीचं काम देशाच्या कायद्यात लिहून ठेवलंय!

डॉक्टर किती लांब असल्या तर चालतं, हे मात्र मला त्या ओळींमध्ये सापडलं नाही. देखरेखीखाली, असं सगळेच म्हणतात. देखरेख भिंतीपलीकडून होते का? आणि पुलापलीकडून? आमच्या गावाजवळ भीमेवरचा पूल ओलांडला की शिरूर तालुका संपून दौंड तालुका लागतो, आणि तिथूनही मॅडमचा दवाखाना तासाभराच्या अंतरावर.

मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. "स्केलिंग तुझंच काम आहे ना? मग कर. अडलं तर मी फोनवर आहे. फोनवर आहे म्हणजे आहेच."

येताना आबांच्या गोळ्या घेतल्या. हृदयात स्प्रिंग बसवल्यापासून त्यांच्या गोळ्या मीच आणते. दौंडचा मेडिकलवाला आता मला पाहिलं की न विचारता पाकीट काढून ठेवतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

खुर्ची आली! जुनी आहे, पण गादी नवी. पाटीही लागली. वर मॅडमचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली माझं. आबांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "ह्यातलं तुजं कुटलं?" मी दाखवलं. मग त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि रंग ओला होता म्हणून बोट निळं झालं. ते त्यांनी दिवसभर धुतलं नाही.

संध्याकाळी नदीकडच्या रानात गेलो. तिथे आईच्या माहेरच्या भामाबाईंनी मेंढरं बसवली आहेत. आबांना राहवलं नाही. एक मेंढी धरली, अंगठ्याने ओठ वर केला. "ही दोनदाती. ही बग, चारदाती. आन् ही जुळली." दातांवरून मेंढीचं वय कळतं; जुळली म्हणजे पुढचे सगळे दात आलेली. मीही ओणवून पाहिलं. मेंढीला वर पुढे दातच नसतात, नुसती घट्ट हिरडी! एवढं शिकून हे माझ्या लक्षात कधीच आलं नव्हतं. खालचे दात त्या हिरडीवर दाबून ती गवत तोडते. किती साधी सोय, आणि कोणी केली असेल!

मग एक म्हातारी मेंढी हाती लागली. खाली खुंट उरलेले. आबांनी तिचा ओठ लगेच सोडला.

"हिला चरता यायचं न्हाई."

"मग?"

"मग काय. बाजार."

मी गमतीत म्हटलं, "आबा, आता तुमचं तोंड दाखवा बरं." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड झाकलं आणि हसले. "माजं कशाला? म्या काय बाजारात चाललोय व्हय?"

जेवताना त्यांनी दुधात भाकरी कुस्करली. हल्ली त्यांना तशीच आवडते. वय झालं की माणसाला मऊ खावंसं वाटतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही.

उद्या उद्घाटन म्हणून गाळा झाडत होते. दगडाबाई मावशी गिरणीत दळण ठेवून आत डोकावल्या. तर्जनी मिसरीने काळी झालेली. या वयाच्या आमच्या सगळ्या बायका भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात.

"ह्या खुर्चीत बशीवल्यावर काय करत्यात गं?"

"बसून बघा की, मावशी."

"आन् दुकलं म्हंजी?"

"नुसतं बसायला काय दुखतंय?"

बसल्या. मी नेहमीचे प्रश्न विचारले, साखर आहे का, बीपी आहे का, कुठली गोळी चालू आहे का. मग दिवा लावला. त्यांच्या हातात मोठा आरसा दिला आणि माझा छोटा आरसा त्यांच्या खालच्या दातांमागे असा धरला की छोट्यातलं मोठ्यात दिसावं.

मावशींनी मोठा आरसा नाकापाशी ओढला.

"ह्ये कुनाचं?"

"तुमचेच दात. मागच्या बाजूने."

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्सं माज्या तोंडात हायेत, आन् म्या आज बगतीय."

दातांमागे कीटणाचा जाड थर होता, बोअरच्या पाइपला क्षार चढतो तसा. तो कसा बनतो ते मी सांगितलं. लाळ, राहिलेलं अन्न, मिसरी, सगळ्याचा मिळून दगड होतो. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की गिरणीवाला बाहेर आला. "बापानं नाव बगूनच ठिवलं व्हतं म्हनायचं!"

मग त्यांनी पुन्हा आरसा मागितला. टाळू पाहिली. जीभ उचलून खालच्या निळ्या शिरा पाहिल्या. मीही त्यांच्याबरोबर पाहत होते आणि मला वाटलं, दिवसातून इतकी तोंडं बघते, तरी असं कधी पाहिलंच नाही. केवढी गोष्ट आहे ही! एका मुठीएवढी जागा, तिथे बाई जेवते, ओव्या म्हणते, भांडते, आणि ती जागा तिने कधी पाहिलेलीच नसते.

"काडतीस का आत्ताच?"

"उद्या मॅडम येतील. त्या बघतील, मग मी काढेन."

मावशी गेल्या आणि त्यांच्या सुनेला, जावेला घेऊन परत आल्या. नुसतं बघायला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आबा बरे आहेत. आज एवढंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आता लिहिते.

काल नारळ फोडायला सगळा रस्ता भरला होता. मॅडमचा फोन आला. रेल्वे कॉलनीतल्या एका मुलाचा गाल रात्रीत सुजून डोळा मिटला होता, त्याला टाकून त्यांना निघता येत नव्हतं. "लोक जमलेत ना? त्यांना परत पाठवू नकोस. एखादं स्केलिंग कर. मी फोनवर आहे."

मी वळले तर खुर्चीत आबा. नवं पागोटं, पाय सरळ केलेले. "पयलं तोंड माजं. म्या समद्यांस्नी सांगून ठिवलंय." आणि ज्यांनी आजवर कोणाला तोंडात डोकावू दिलं नव्हतं, त्यांनी सोगा बाजूला करून तोंड उघडलं.

मी दिवा आत वळवला. खालचे पुढचे दात एका सलग थरात रुतलेले होते. कुठला दात कुठे संपतो ते कळत नव्हतं. मला भीती वाटली नाही. उलट देवळात गेल्यासारखं वाटलं. ज्या ज्या गावाच्या वाटेने आबा मेंढरांमागे चालले, तिथल्या ओढ्यांचं, विहिरींचं, टाक्यांचं पाणी त्या थरात होतं.

दगडाबाईंना विचारलेले प्रश्न मी आबांना विचारले नाहीत. घरच्या माणसाला काय विचारायचं?

यंत्र सुरू केलं. थराचा एक मोठा तुकडा निघाला, ट्रेमध्ये टणकन पडला. दारातले लोक "आलं, आलं" करून ओरडले. आणि तुकड्यामागचा दात हळूच पुढे झुकला. तो हिरडीत उभाच नव्हता. तो कीटणाने धरला होता.

रक्त आलं. येतंच. बोळा दाबला की थांबतं. हे थांबेना. बोळा बदलला, परत लाल. मॅडमना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्यांचे दोन्ही हात त्या मुलाच्या तोंडात असणार.

"हालतोय त्यो," आबा बोळ्याआडून म्हणाले. "उपटून टाक."

आप्पाही जवळ आले. माझे वडील सहसा मध्ये बोलत नाहीत. "दोन बोटांनी निगंल गं. रगत तरी थांबंल."

दारातून कोणीतरी म्हणालं, "वडा की डाक्टरीनबाई! का पक्कड आनू?" लोक हसले.

मी दात दोन बोटांत धरला. खोटं कशाला लिहू, धरला. पिकलेलं बोर देठाला असतं तसा होता. एक पीळ, की हातात. सगळं गाव बघत होतं आणि गावाच्या लेखी मी डॉक्टर होतेच.

मी बोटं काढली. मला इथे लिहायला आवडलं असतं की कायदा आठवला. तसं झालं नाही. दात किंचित हलला, बाजूने ताजं रक्त वर आलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे मेडिकलवाल्याचा हात आला, न विचारता पाकीट काढून ठेवणारा. स्प्रिंगमध्ये गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. मीच आणलेल्या. दात काढला असता तर तिथे उघडं भोक राहिलं असतं, आणि ते बंद करायला माझ्याकडे काय होतं?

"आप्पा, गाडी काढा," मी म्हटलं.

पिकअपमध्ये मी मागे आबांजवळ बसले आणि बोळा अंगठ्याने दाबून धरला. पुलावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. आम्ही मध्येच अडकलो. खाली भीमा अगदी संथ होती. माझ्या अंगठ्याखाली आबांच्या हिरडीत नाडी लागत होती. स्प्रिंग बसवलेलं ते हृदय तिथपर्यंत येऊन ठोकत होतं. इतकी वर्षं त्यांच्या हाताला धरून चालले, पण त्यांच्या जिवाला असा हात कधी लागला नव्हता. मी घाबरले होते, आणि तरीही मला वाटत होतं, हे किती मोठं आहे.

दौंडला पोचलो तेव्हा मॅडम त्या मुलाला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देऊन हात धूत होत्या. आबांना बघून त्यांनी एकही शब्द वाया घालवला नाही. आधी आबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. गोळी बंद करायची नाही, असं त्यांनी सांगितलं. मग भूल दिली, दात काढला, खड्ड्यात काहीतरी मऊ भरलं, टाके घातले, पुन्हा बोळा दाबून धरला आणि बराच वेळ हात हलवला नाही. मी दोन बोटांनी करणार होते त्याला एवढं सगळं लागलं. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. मला ते हात मागावेसे वाटले नाहीत. नुसते बघावेसे वाटले.

रक्त थांबलं. बाकीचेही काही दात राहायचे नाहीत, मॅडम आप्पांना म्हणाल्या, हळूहळू बघू, कवळी करता येईल. आबा ऐकत होते. बोलायची परवानगी मिळाल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते आप्पांना.

"मग आता घरी नेनार न्हवं मला?"

मी हसले. घरी नाही तर कुठे नेणार! आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी आबांचं पागोटं नीट केलं आणि त्यांना मागे न बसवता पुढे स्वतःशेजारी बसवलं. सगळ्या वाटेने एक हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून गाडी चालवली. घरी आल्यावर आप्पांनी स्वतःच्या ताटातली भाकरीही दुधात कुस्करली. त्यांना तशी मुळीच आवडत नाही. का केलं, कोण जाणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडम आल्या. पाच-सहा पेशंट पाहिले. दगडाबाईंचं कीटण मी काढलं, मॅडम शेजारी उभ्या होत्या. मावशी आरशात बघून म्हणाल्या, "आता जीब मोकळी फिरतीय. सुनंला जपून ऱ्हायला सांगा."

गिरणीपाशी मात्र दुसरंच चाललं होतं. "नातीनं आज्याचा दात हालीवला." "चांगला व्हता म्हनं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रडू आलं ते आत जाऊन.

मॅडम निघताना म्हणाल्या, "प्रतिभा, माझी चूक झाली. तुला एकटीला सुरू कर म्हणायला नको होतं." मग पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "पण आता तू शिकलीस. प्रश्न विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तेवढं सांभाळ आणि एरवीचे दिवस स्केलिंग चालू ठेव. नाहीतर गाळा बंद राहील आणि शाखा चालायची नाही. नाही म्हणून कुठे लिहिलंय?"

खरंच, मला तरी कुठे सापडलं नाही. हो म्हणूनही सापडलं नाही. मी म्हटलं, विचार करते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

विचार केला. मी प्रश्न विचारेन. पण माणूस खरं सांगेल का? आबांना विचारलं असतं तर सगळ्या गावादेखत ते "न्हाई, मला काय बी न्हाई" म्हणाले असते. मला माहीत होतं म्हणून आठवलं तरी. दुसऱ्याच्या आबांचं पाकीट मी आणत नाही. आणि थराच्या मागे काय उभं आहे, काय नुसतं टेकलेलं आहे, ते थर काढल्यावरच कळतं. कळल्यावर पुढचं करायचा हक्क असलेलं माणूस त्या खोलीत हवं. फोन वाजत राहतो.

पण मग गाळा बंद? शाखा गेली तर पाटीवरचं नावही जाईल. आबांचं निळं बोट आठवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असून गाळा उघडला, कारण भामाबाई त्यांच्या वाड्यावरच्या, म्हणजे मेंढरांच्या तळावरच्या, चार बायकांना घेऊन आल्या. मेंढरं उद्या पुढे हलणार. "दगडाबाईला काय दावलंस त्ये आमाला बी दाव."

मी यंत्राला हात लावला नाही. दोन आरसे आणि दिवा. एकेकीला तिचं तोंड दाखवलं. मिसरीने हिरडी कुठे खाली सरकली ते तिचं तिने पाहिलं. ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. एकीच्या गालाच्या आत मला पांढरट भाग दिसला. रोगाचं नाव मी घेतलं नाही. "मंगळवारी मॅडम येतील, तेव्हा नक्की या" म्हटलं. मग लक्षात आलं की ती उद्या जाणार. म्हटलं, "जाताना दौंडवरून जा. मीही उद्या तिथे येणार आहे. मी बरोबर येते आत." ती हो म्हणाली. भामाबाईंनी तिच्याकडून वचनच घेतलं.

आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. तोंडावर सोगा नव्हता. रस्त्यावरचं कोणी थांबलं की सांगत होते, "आज मॅडम न्हाई. आज दावायचा वार हाय." आणि खालचा ओठ ओढून टाक्यांची जागा स्वतःच दाखवत होते. "ह्यो नातीनं काडला न्हाई. काडता येत व्हता. न्हाई काडला." एवढ्या अभिमानाने सांगायचं त्यात काय आहे ते मला कळलं नाही, पण पाटी लागली तेव्हाही ते इतके खूश नव्हते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या एसटीने यंत्राची पेटी मांडीवर घेऊन दौंडला गेले. पूल आला तेव्हा नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

ती बाई आली. मॅडमनी तिचा गाल नीट पाहिला आणि तपासणीसाठी पुण्याला चिठ्ठी दिली. तिचा नवराही बरोबर होता. दुपारच्या गाडीने ते दोघं गेलेसुद्धा.

मग हात धुता धुता मॅडम म्हणाल्या, "वडगावच्या स्केलिंगचं काय ठरवलंस? घाई नाही. नीट विचार करून सांग."

मी म्हटलं, "मॅडम, यंत्र तुमच्या कपाटात ठेवलंय. उद्या याल तेव्हा घेऊन या. किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे."

मी नॅपकिन पुढे केला. माझ्या पिशवीत परत न्यायला दोन आरसे होते, आणि आबांच्या गोळ्या.